वाफेवर धरलेली काच

९ जानेवारी

दादा,

'तीर्थरूप' लिहिणार होते, पण हात अडला. नुसत्या 'दादा'वर भागव.

तुझं पत्र मिळालं. सहा वर्षांनी. पाकिटावरचं तुझं अक्षर बघून आई घाबरली. म्हणाली, "कोण गेलं गं?" मी म्हटलं, "कुणी गेलं नाही. कुणाचं तरी अडलंय."

तसंच निघालं. दोन ओळी तब्येतीच्या, एक आईच्या गुडघ्यांची, आणि मग मुद्दा: 'माझ्याकडे असताना तू काचा नेमक्या कशा तयार करायचीस, ते सविस्तर कळव.' सविस्तर! अकरा वर्षं आपल्या दोघांच्या खोल्यांमध्ये एकच दार होतं आणि त्याला कडीसुद्धा नव्हती. तेव्हा हा शब्द कुठे होता?

मी हल्ली चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. आमच्या मालकांनी परवा विचारलं, तुमच्या भावाची भानगड काय आहे? मी त्यांना सांगितलं ते असं. माझ्या भावाने काचेवर एक थर बसवायची पद्धत काढली. केसाचे उभे हजार भाग केले तर त्यातल्या एकाएवढा पातळ. आरपार दिसतो आणि वीजही वाहून नेतो, म्हणून फोनच्या आणि दवाखान्यातल्या यंत्रांच्या पडद्यांना लागतो. भावाने पेटंट घेतलं, कारखाना घातला, पेपरात फोटो आला. मग दुसऱ्या एका कंपनीने तक्रार केली, की पेटंटात लिहिलंय तसं आम्ही शंभरदा करून पाहिलं, थर सोलून हातात येतो. नियम असा, की पद्धत अशी लिहायची की त्या धंद्यातल्या माणसाला वाचून करता यावी. नाहीतर पेटंट कशाचं? दोन वर्षांपूर्वी ते रद्द झालं. भावाने अपील केलंय. एप्रिलमध्ये सुनावणी आहे.

"मग त्याने स्वतः करून दाखवावं की," मालक म्हणाले.

मला हसू आवरेना. कारखाना उघडलास त्याच आठवड्यात मी निघून गेले, आणि तेव्हापासून, वहिनीच आईला सांगते, तुझ्या दहातल्या सहा काचा फुकट जातात. दमट दिवसांत बऱ्या निघतात, कोरड्या दिवसांत नाही. असं का, हे तुला सहा वर्षं उमगलं नाही. कोरडी हवा सुटली की मी काय आनंदाने कपडे वाळत घालायचे, ते तुला कळायचं नाही.

तुला हवं ते उत्तर तुझ्याच कागदात आहे. नमुन्याच्या काचा कुणी केल्या, असं कंपनीने विचारल्यावर तू लिहून दिलं होतंस: 'सदर महिलेचे काम काचा धुण्यापुरते होते.' तर मी काचा धुवायचे. सविस्तर सांगायचं तर दोन्ही बाजूंनी धुवायचे.

सदर महिला


३० जानेवारी

दादा,

वहिनीला पाठवलंस. स्वतः आला असतास तर मी दार उघडलं नसतं, एवढं ओळखलंस ते बरं.

ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली. आधी आईशी बोलली, मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "वन्सं, तो दिवसभर त्या खोलीत काचा घेऊन बसतो. आधी चिडायचा. आता गप्प असतो. चिडायचा ते परवडायचं."

"मग मी काय करू?"

"सांगून टाका ना. तुमचं काय जातं?"

"माझं जायचं ते गेलं, वहिनी. कारखान्याच्या उद्‌घाटनाला तुम्ही होतात की. पाहुण्यांसमोर काय म्हणाला तो? 'ही माझी धाकटी बहीण, काचा धुते.' आणि पुढे मला म्हणाला, पाणी आण."

वहिनी म्हणाली, "कारखान्यात चाळीस माणसं आहेत. त्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

मी भांडी घासायला घेतली.

जाताना चप्पल घालता घालता ती म्हणाली, "एक विचारू? तुमच्या धुण्याच्या खोलीत ती किटली कायम उकळत का असायची? मी त्याला सांगितलं, वन्सांच्या किटलीचं काहीतरी आहे. तो म्हणाला, चहा पीत असेल."

चहा! दादा, अकरा वर्षं मी त्या खोलीत कपभर चहा गरम असताना प्यायलेली नाही. पण तुझी बायको तुझ्यापेक्षा हुशार आहे, हे मी लग्नातच म्हटलं होतं. तिने तुला सुताचं टोक हातात दिलंय. ओढ आता.

धाकटी


१८ फेब्रुवारी

दादा,

ओढलंस म्हणायचं. वाफ, हे तुला कळलं. आणि कळून उपयोग नाही, हेही कळलं. पेटंटात नसलेली गोष्ट आता मागून घुसडता येत नाही. एकच पळवाट उरते: ती गोष्ट इतकी साधी होती की लिहायची गरजच नव्हती, असं कुणीतरी शपथेवर सांगायचं. कुणीतरी म्हणजे मी.

तुझ्या वकिलांनी पाठवलेलं प्रतिज्ञापत्र वाचलं. 'काच धुतल्यानंतर तिला किंचित वाफ देणे ही या कामातील सर्वज्ञात रीत असून, कोणताही सामान्य कामगार ती न सांगता करतो.' शिवाय तुझ्या पेटंटात छापलंय, की काच भट्टीत पूर्ण कोरडी करावी. म्हणजे मी असंही म्हणायचं, की आमच्या धंद्यात 'पूर्ण कोरडी' म्हणजे 'थोडी ओली'. वकील हुशार आहेत हं तुझे. पाण्यालाही कोरडं ठरवतील.

'न सांगता करतो.' आता मी सांगते, ऐक.

तिसऱ्या वर्षी भट्टी आठवडाभर बंद पडली होती. मी वीस काचा धुऊन फळीवर उभ्या केल्या. फळीच्या एका टोकाला किटली उकळत होती. तू वीसही काचांवर थर घातलास आणि चौदा फेकल्यास. किटलीजवळच्या सहा काचांवर थर असा बसला, की नखाने खरवडून निघेना. एका कडेपासून दुसरीपर्यंत एकच मोरपंखी रंग. तू म्हणालास, "आज द्रावण झकास जमलं." द्रावण एकाच बाटलीतलं होतं, दादा. सहांना जमलं आणि चौदांना नाही, असं कसं होईल?

मी म्हणाले, "मला वाटतं ते वाफेमुळे झालं."

तू म्हणालास, "तू वाटून घेऊ नकोस. वाटून घ्यायचं खातं माझ्याकडे."

खोलीतले सगळे हसले. मीही हसले. तेच जास्त झोंबतं.

पुढची दोन वर्षं मी एकटीने केलं. वाफ किती उंचीवर, किती वेळ, काचेची कुठली बाजू खाली. हाताला तीनदा फोड आले. तू विचारलंस, मी म्हटलं, इस्त्री लागली. सकाळी तू दहाला यायचास तेव्हा काचा थरासकट तयार असायच्या. तू त्या उचलायचास आणि तुझं डोकं चालायला लागायचं.

समोरच्या कंपनीचे वकील येऊन गेले. मला मॅडम म्हणतात. म्हणाले, साक्ष द्या, 'ही सर्वज्ञात रीत नाही' एवढंच सांगा, जास्त बोलू नका. नंतर आमच्याकडे या, मोठी जागा देतो, वाफेचं तेवढं आपल्यातच राहू द्या. तेही तुझ्याच जातकुळीचे. फक्त चहा विचारून लुबाडतात.

प्रतिज्ञापत्र परत पाठवते आहे. सहीच्या जागी रेघ मारली आहे.

धाकटी


६ मार्च

दादा,

आईला फोन करून रडलास. वयाच्या साठाव्या वर्षी. आणि तिने ऐकायचं यंत्र काढून ठेवलं होतं, म्हणून तुला ते मोठ्याने रडावं लागलं. शेजारणीने सगळं ऐकलं.

आईने मला खिडकीशी बसवलं. म्हणाली, "भाऊ आहे. एवढा मोठा झालाय, त्याला चारचौघांत खाली बघायला लावू नकोस."

"मी खालीच उभी होते, आई. त्याने बघितलं असतं तर बरं झालं असतं."

"लहानपणी तुला शाळेत कडेवर न्यायचा तो."

"हो. आणि त्याचं दप्तर माझ्या गळ्यात असायचं."

ती चिडली. तिच्या लेखी तू अजून पहिल्या नंबराचा मुलगा आणि मी तुझी पुस्तकं आवरणारी. तिला दोष देत नाही. तुझ्या बाजूने कुणीतरी असायला हवंच.

मी साक्षीला जाते आहे. त्यांच्या बाजूने. तुला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. आणि खरं सांगायचं तर, हे वाचताना तुझा चेहरा कसा होईल, हे मनात आणून लिहिते आहे.

धाकटी


२२ एप्रिल

दादा,

सुनावणीत तू मान खाली घालून बसला होतास. तुला जे दिसलं नसेल ते कळवते.

खोली लहान होती. तीन जणांचं पीठ, मधे अध्यक्षबाई, चष्म्याची डावी दांडी सैल झालेली. माझे हात शिवशिवत होते. मागच्या बाकांवर दोन वार्ताहर आणि एक कुणीतरी झोपलेला.

तुझे वकील उठले. "आपलं शिक्षण?"

"बारावी."

"रसायनशास्त्राची पदवी?"

"नाही."

"मग थर वाफेमुळे बसतो, हे आपण कशाच्या आधारावर सांगता?"

"वाफ न देता बसत नाही, त्याच्या आधारावर."

पीठावरचे डावीकडचे गृहस्थ तोंडावर हात धरून हसले. तुझे वकील तापले. म्हणाले, "काचेला वाफ कोण देत नाही? चष्मा पुसतानासुद्धा आपण तोंडाची वाफ सोडतो."

"सोडतो आणि लगेच पुसतो. मी पुसत नव्हते."

मग त्यांनी हुकमाचं पान काढलं. "पेटंटाचा अर्ज आपणच टाइप केला होता ना? त्यात काच कोरडी करावी असं होतं. तेव्हा का बोलला नाहीत?"

"बोलले होते. त्याच्या चार वर्षं आधी. वाटून घेऊ नकोस, असं उत्तर मिळालं."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "ही रीत तुम्हाला कुणी शिकवली?"

"कुणी नाही."

"तुमच्या आधी कुणी करत होतं?"

"माझ्या माहितीत नाही."

कंपनीच्या वकिलांनी मला डोळ्यांनी खुणावलं, बस. पण बाई म्हणाल्या, "नेमकं काय करायचात?" वकील ताडकन उठले. "याची गरज नाही, मुद्दा स्पष्ट झालाय."

"मला गरज आहे," बाई म्हणाल्या.

आणि मी सांगितलं. सगळं. किटलीच्या तोंडापासून वीतभर वर. थराची बाजू खाली. अकरा आकडे मोजायचे, घाई न करता. काचेवर दव धरतं, मग कडेने उडायला लागतं. मधे अंगठ्याच्या नखाएवढं उरलं की काच उलटून फिरकीवर, म्हणजे गरगर फिरणाऱ्या तबकडीवर, ठेवायची आणि द्रावणाचा थेंब त्याच क्षणी. टाइपिस्ट टाइप करत होती. वार्ताहर लिहीत होते. झोपलेला जागा झाला. कंपनीचे वकील पेनाचं टोपण लावत होते, काढत होते. एवढी मोठी जागा त्यांनी कशासाठी देऊ केली होती, ते सगळं आता उघड्यावर पडलं होतं. कुणालाही वापरता येईल. तुझं नाही, त्यांचं नाही. माझंही नाही, हे मला ठाऊक होतं. एका दगडात तीन पक्षी, त्यातला एक मी.

तेव्हा तू मान वर केलीस. मला वाटलं, आता ओरडशील. तू खिशातून वही काढलीस आणि लिहून घ्यायला लागलास. मी बोलत होते आणि तू लिहून घेत होतास. तेवढ्यासाठी मी 'अकरा आकडे' दोनदा सांगितलं.

बाहेर जिन्यात वहिनी भेटली. माझ्या बाजूने खाली उतरून गेली.

धाकटी


११ जून

दादा,

निकाल वाचला. अपील फेटाळलं. मालकांनी दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, त्या क्षणी काहीतरी मोठं वाटेल. वाटलं. गोड वाटलं. खोटं कशाला बोलू? दिवसभर जिभेवर होतं.

निकालातलं चौथं पान तू पुन्हापुन्हा वाचलं असशील. त्यांनी म्हटलंय, की अर्जात नुसतं 'काच कोरडी करावी' असतं, तर वाचणाऱ्याने थोडा ओलावा चालवून घेतला असता, करून पाहता पाहता तो वाफेपर्यंत पोचलाही असता. पण अर्जात 'पूर्ण कोरडी' आहे. त्या एका शब्दाने वाचणाऱ्याला उलट्या वाटेला लावलं.

तो शब्द तुझा नव्हता.

तू मला हाताने लिहिलेला कच्चा मजकूर दिला होतास. पहिल्या पानावर संशोधकांची नावं. मी तुझ्या नावाखाली एक ओळ मोकळी सोडली होती. तू दारातून डोकावून म्हणालास, "ही जागा कशाला? एकच नाव आहे." मी जागा मिटवली. पान नववर आले तर तू लिहिलेलं, 'काच भट्टीत कोरडी करावी'. माझी बोटं थांबली. तू पलीकडे फोनवर कुणाशीतरी हसत होतास. हाक मारली असती तर ऐकू आली असती. मी हाक मारली नाही. 'कोरडी'च्या आधी 'पूर्ण' घातलं. एक शब्द. मग तू आलास, शेवटचं पान काढलंस, न वाचता सही केलीस आणि म्हणालास, "शुद्धलेखन बघितलंस ना?"

मी म्हटलं, "बघितलं."

शपथेवर मी खोटं बोलले नाही. तो शब्द कुणी घातला, हे कुणी विचारलंच नाही. पण दहा वर्षं मी तो सांभाळला, हे खरं. तू कारखाना बांधत होतास तेव्हा, चाळीस माणसं घेत होतास तेव्हा, मला माहीत होतं की पायात वाळवी आहे आणि ती मी सोडली आहे. वहिनीने त्या माणसांचं विचारलं तेव्हा मी भांडी घासायला घेतली, ती एवढ्यासाठी.

हे पत्र तुझ्या वकिलांना दाखव. त्यांना नक्की काहीतरी करता येईल, निदान माझं तरी. मला माफी नको आहे आणि मी मागतही नाही. तुला हरवलं कुणी, हे तुला नीट कळावं, एवढ्यासाठी लिहिलं. कंपनीने नाही, नियमांनी नाही.

धाकटी


३ सप्टेंबर

दादा,

तुझं खोकं पोचलं. आईला वाटलं औषधं आहेत. उघडलं तर कापसात गुंडाळलेली एक काच.

वहिनीने मधे फोन केला होता. इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, की कारखाना चालू आहे, कुणाला काढलं नाही, दहातल्या आठ निघतात. किटल्या घेतल्या म्हणे, सहा. बाकीही दोन ठिकाणी तसाच थर करायला लागलेत, कुणाची परवानगी न घेता. माझ्या जूनच्या पत्राचं तिने काढलं नाही. तिला माहीतच नसावं. म्हणजे तू ते कुणाला दाखवलं नाहीस. मी तीन महिने टपालवाल्याची वाट बघत होते, वकिलांची नोटीस येईल म्हणून. ती आली असती तर बरं झालं असतं. मी तयारीत होते. याची तयारी नव्हती.

काच मी दुकानात नेली, भिंगाखाली धरली. तू स्वतः केलेली आहे, कामगारांनी नाही. कोपऱ्यात तुझ्या अंगठ्याचा ठसा आहे, तू कधीच चिमट्याने काच धरत नाहीस. थर चांगला बसलाय. नख लावून पाहिलं, निघाला नाही. मालक म्हणाले, "सुंदर आहे हो." मी म्हटलं, "बरी आहे."

डावीकडे मात्र कडेला बोटभर पट्टी निळसर पडली आहे आणि तिथून थर सुटतोय. सोबतच्या चिठ्ठीवर तू एवढंच लिहिलंयस: 'डावी कड का सुटते?' जानेवारीत पाठवलं होतंस ते फर्मान होतं. हा प्रश्न आहे. फरक मला कळतो.

का सुटते, ते मला बघताक्षणी कळलं. सांगणार नाही. त्या कडेपायी मी आठ महिने घालवले होते, तू पलीकडच्या खोलीत असताना. तूही उभा राहा वाफेपाशी. हात भाजू दे. वाटून घे काय वाटतंय ते, आणि चुकीचं निघाल्यावर पुन्हा वाटून घे.

काच परत पाठवते आहे. जमेल तशा पाठवत जा. मी बघेन, आणि चुकलेल्या असतील त्या एक शब्द न लिहिता परत करीन.

धाकटी